बाबांचा प्रोस्टेट कॅन्सर: जीन एक्सप्रेशन टेस्ट करावी का?

मानेवाडा_नागपूर: बाबा ७१ वर्षांचे, बायोप्सीत ग्लिसन (आजार किती आक्रमक आहे याचा स्कोअर) ४+३ आलं, पीएसएमए पेट स्कॅनमध्ये (शरीरभर कॅन्सर शोधणारा स्कॅन) बाहेर कुठं पसरलेलं नाही. डॉक्टर रेडिएशन आन हार्मोनचं इंजेक्शन म्हणून राहिले, सोबत रक्ताची बीआरसीए टेस्ट लिहून दिली. पण पुण्याचा आतेभाऊ रोज फोन करून सांगून राहिला की आधी ट्यूमरची जीन एक्सप्रेशन टेस्ट करा. हे दोन्ही एकच आहे का? आई घाबरली, म्हणते आता पोरांनाही होणार का.

लॅबवाला_धंतोली: एकच नाही भाऊ. रक्तातली बीआरसीए टेस्ट त्या नावाच्या जीनमधला जन्मतः आलेला बिघाड शोधते, तो निघाला तर तुम्हा भावंडांनाही तपासावं लागते, आन पुढं आजार पसरला तर ओलापॅरिबसारखं औषध देता येते. एक्सप्रेशन म्हणजे गाठीतला कोणता जीन किती जोरात चालू आहे ते, त्यासाठी आरएनए, म्हणजे जीन चालू झाला की बनणारी त्याची नक्कल, मोजतात. पुस्तकात रेसिपी असणं वेगळं, आज किती सैपाक झाला ते वेगळं. डिसायफर नावाची टेस्ट २२ जीन पाहते, ऑन्कोटाइप नावाची १७, त्यावरून आजार किती आक्रमक आहे याचा अंदाज येतो. डॉक्टरांना सरळ विचारा, रिपोर्ट कमी किंवा जास्त आला तर ट्रीटमेंट बदलणार का? बदलणार नसेल तर माझ्या मते एवढा खर्च करू नका.

वर्धारोड_ताई: दादा, एक्सप्रेशन पाहणारी एक तपासणी तुमची झालीच आहे, पेट स्कॅन! एफओएलएच१ नावाच्या जीनपासून पीएसएमए प्रोटीन बनते, ते बहुतेक प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर खूप असते म्हणून तिथं चमकते. आन त्याच प्रोटीनला धरून औषधही जाते. माझ्या मामांना अ‍ॅबिराटेरोन (हार्मोन तोडणारं औषध) चालेनासं झालं तेव्हा ल्युटेशियम हे किरणोत्सर्गी औषध दिलं (अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालं ते), पण आधी पेट करून गाठी चमकतात का ते पाहिलं, कारण काहींच्या गाठीत हे प्रोटीन नसतेच, मग ते औषध घेऊन काय उपयोग. लाळेच्या ग्रंथीही ते औषध ओढतात, मामांचं तोंड इतकं कोरडं पडायचं की भाकर दुधात कुस्करून द्यावी लागायची. तुमच्या बाबांना सध्या त्याची गरज नाही, आईला सांगा घाबरू नका.

मानेवाडा_नागपूर: खूप धन्यवाद ताई, लॅबवाले भाऊ. मामांचं औषध चालेनासं काहून झालं असंल?

लॅबवाला_धंतोली: कारणं बरीच असतात. एक म्हणजे एआर-व्ही७. अँड्रोजन रिसेप्टर म्हणजे पुरुषी हार्मोन पकडणारं पेशीतलं प्रोटीन. त्याच्या ज्या टोकाला हार्मोन चिकटते ते टोकच नसलेलं रूप पेशी बनवायला लागते, मग हार्मोन तोडलं तरी ते चालूच राहते. एन्झालुटामाइड नावाचं दुसरं औषध तर त्याच टोकावर बसते, त्याला जागाच उरत नाही. २०१४ च्या अभ्यासात हे रक्तातल्या कॅन्सर पेशींमध्ये दिसलं होतं. म्हणून पुढं कधी आजार परतला तर जुन्या रिपोर्टवर विसंबू नका, एक्सप्रेशन बदलत राहते. आन बायोप्सीची फक्त स्लाइड नाही, मेणाचा ब्लॉकही (त्यात गाठीचा तुकडा जपलेला असतो) मागून ठेवा, छोट्या प्लास्टिकच्या कॅसेटवर नंबर असतो, तो रिपोर्टशी जुळवून घ्या. आन उन्हात गाडीत ठेवू नका बाप्पा, नागपूरच्या मे महिन्यात मेण वितळून जाईल.