विषय: यंदा ग्लास्टनबरी नाही, मग सॉमरसेटला मुलांना काय दाखवायचं?

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,
जूनची सहल सॉमरसेटला नेतोय. इंग्लंडमधला ग्लास्टनबरीचा संगीत महोत्सव यंदा २०२६ मध्ये का नाही आणि तो ज्या शेतावर होतो ते आतून बघता येईल का, असं बऱ्याच पालकांनी विचारलंय. माहिती असेल त्यांनी कळवा, बस ठरवायची आहे.

प्रेषक: एक सभासद, ब्रिस्टल

नमस्कार,
महोत्सव होतो ते पिल्टन गावातलं वर्दी फार्म हे एका कुटुंबाचं दुभत्या गाईंचं शेत आहे, तिथे बस घेऊन जाता येणार नाही. आणि यंदा महोत्सव नाही, कारण जमीन पड ठेवलीय. दर काही वर्षांनी एकदा ते असं करतात. याआधी २०१८ मध्ये केलं होतं. दोन लाख माणसांच्या पायांखाली गेलेल्या गवताला आणि मातीला सावरायला वेळ लागतो. एवढं उत्पन्न एका वर्षासाठी सोडणं मला फार मोठं वाटतं.

महोत्सव सुरू करणारे शेतकरी मायकल ईव्हिस १९५४ मध्ये वडील वारल्यावर एकोणिसाव्या वर्षी शेती बघू लागले. १९७० च्या सप्टेंबरमध्ये पहिला महोत्सव झाला, तिकीट एक पौंड आणि शेतातलं दूध फुकट. १९८१ साली उभारलेला पिरॅमिडचा रंगमंच तर हिवाळ्यात गोठा आणि वैरणीचं कोठार होता! पुढे १९९४ मध्ये तो जळाला. आता मायकल यांची मुलगी एमिली महोत्सवाचा कारभार बघते.

मी वॉटरएड या पाण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेची स्वयंसेवक म्हणून तिथे पाण्याच्या नळांवर उभी राहिलेय. २०१९ पासून तिथे प्लॅस्टिकच्या बाटल्या विकत नाहीत, जो तो आपली बाटली भरून घेतो. पण मुलांना सांगाल तर तंबूच्या खुंट्यांबद्दल सांगा. धातूची खुंटी गवतात राहिली की पुढे गाय ती चाऱ्याबरोबर गिळते. गाय घास आधी गिळते, रवंथ नंतर करते. टोकदार धातू पोटात रुतला की थेट हृदयापर्यंत टोचू शकतो. आमच्या घरी साताऱ्याला गुरं होती. कडब्यातून तार पोटात गेलेली गाय कशी कण्हते ते मी पाहिलंय. "कचरा टाकू नका" पोरं विसरतात, हे विसरणार नाहीत.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, स्विंडन

ताई, माहिती छान दिलीत, पण दुसरी बाजूही मुलांना कळू द्या. शेतातून व्हाइटलेक नदी वाहते. २०१९ च्या महोत्सवानंतर बँगर विद्यापीठाच्या संशोधकांना शेताच्या पुढे वाहणाऱ्या नदीच्या पाण्यात अमली पदार्थ सापडले. कोकेनचं प्रमाण तर ईल माशांना बाधेल इतकं होतं. लोक उघड्यावर लघवी करतात, ती जमिनीतून नदीत जाते. लाखोंची गर्दी जमवायची आणि वर पर्यावरण शिकवायचं, हे मला पटत नाही.

प्रेषक: एक सभासद, ब्रिस्टल

काका, नदीचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. उघड्यावर जाऊ नका असं आयोजक कळकळीनं सांगतात, पण एवढ्या माणसांत ते सगळे पाळत नाहीत. तरीही गाण्यांसाठी आलेली तरुण मुलं महोत्सवातल्या हरित विभागात शिरतात, पर्माकल्चरची, म्हणजे निसर्गाच्या पद्धतीनं केलेल्या शेतीची, बाग बघतात, लाकूडकाम शिकतात, सूर्याच्या विजेवर चालणाऱ्या रंगमंचासमोर बसतात. नुसतं व्याख्यान ठेवलं असतं तर यातली किती आली असती? म्हणून मला गाणं आणि शेत एकत्र हवं. आपण साठ-सत्तर माणसं आहोत, आपल्याला गर्दीची अडचण नाही.

माझा प्रस्ताव: ग्लास्टनबरी टॉर ही टेकडी चढू, वर मुलांना नदी आणि खुंटी दोन्ही गोष्टी सांगू. खाली जेवण, प्रत्येकानं घरून ताट-वाटी-पेला आणायचा, कागदी काही नको. मग ध्वनिक्षेपकाशिवाय गाणी. पेटी मी आणते. ढोलकी कोणाकडे आहे? काका, ईलबद्दल तुम्हीच बोला ना.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, स्विंडन

बोलतो. टॉरचा चढ मला झेपणार नाही, त्यामुळे गोष्टी खाली, जेवणाआधी ठेवा. ढोलकी नातवाकडे आहे.