मदत हवी आहे: थॅचरबाईंनी युरोपबद्दलचं मत बदललं, की बदललंच नाही?

उचापती_मामा

नमस्कार मंडळी,

शनिवारी भाचीची आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा आहे. विषय 'मत बदलणारा नेता विश्वासार्ह नसतो'. ती विरोधी बाजूने बोलणार. पाच मिनिटं, मग घंटा. परवा फोनवर मी तोऱ्यात सांगून टाकलं, "अगं, ब्रिटनच्या पंतप्रधान होत्या ना, त्या थॅचरबाई घे की! आधी युरोपच्या बाजूने, मग विरोधात. आयतं उदाहरण." तिने लिहूनही घेतलं. काल रात्री तारखा कागदावर मांडायला बसलो आणि साडेअकरापर्यंत मामाची हवा गेली.

1975 च्या फेब्रुवारीत बाई हुजूर पक्षाच्या नेत्या झाल्या. जूनमध्ये युरोपच्या सामाईक बाजारात (आजच्या युरोपीय संघाचं आधीचं रूप) राहायचं की नाही यावर ब्रिटनमध्ये सार्वमत झालं, तेव्हा त्या राहण्याच्या बाजूने. सदस्य देशांचे झेंडे विणलेला स्वेटर घालून प्रचार केला, तो फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. 67 टक्के लोकांनी 'राहू या' म्हटलं. पुढे 1984 मध्ये फ्रान्समधल्या फाँतेनब्लोच्या युरोपीय बैठकीत भांडून ब्रिटनच्या वर्गणीतली सूट मिळवली. 1986 च्या एकल युरोपीय कायद्यावर (एकल बाजारपेठ उभारणारा करार) त्यांच्याच सरकारची सही, आणि त्यात बऱ्याच विषयांवरचा नकाराधिकार सोडून बहुमताने निर्णय घ्यायला मान्यता. मग 20 सप्टेंबर 1988 चं बेल्जियममधल्या ब्रूजचं भाषण. आशय असा, की आम्ही आमच्या देशात सरकारचा पसारा आवरला तो ब्रुसेल्सहून, म्हणजे युरोपच्या मुख्यालयातून, पुन्हा लादून घ्यायला नव्हे. आणि 30 ऑक्टोबर 1990 ला संसदेत, युरोपच्या हाती आणखी अधिकार द्यायला, ते तीनदा "नो".

हे सगळं भाचीला वाचून दाखवलं. ती शांतपणे म्हणाली, "मामा, यात मत कुठे बदललं? समोरची वस्तू बदलली."

आता बोला! जाणकारांनी तीन गोष्टींवर प्रकाश टाकावा. पहिली, तिचं म्हणणं बरोबर आहे का? दुसरी, एकल बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघ यांतला फरक अर्ध्या मिनिटात कसा सांगायचा? परीक्षक हमखास विचारतात. आणि तिसरी, 'बाई असत्या तर ब्रेक्झिटला मत दिलं असतं' असं ठोकून द्यायला हरकत आहे का?

थेम्सकाठचा

मामा, तारखा बरोबर आहेत. पण ब्रूजचं भाषण पूर्ण वाचायला सांगा. सगळे ते एकच वाक्य उचलतात. त्याच भाषणात बाई म्हणतात की युरोपच्या कडेला एकटं, उबदार कोपऱ्यात बसण्याचं स्वप्न ब्रिटन पाहत नाही, आमचं भवितव्य युरोपातच आहे. बाहेर पडण्याची भाषा त्यात कुठेही नाही.

त्याच्या बाराच दिवस आधी काय झालं तेही बघा. युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जाक देलॉर बोर्नमथला ब्रिटिश कामगार संघटनांच्या अधिवेशनात येऊन बोलले. एकल बाजारपेठेबरोबर कामगारांचे हक्कही युरोपच्या पातळीवर आणू, हा सूर. बाईंनी घरात ज्या संघटनांशी उभा दावा मांडला होता, त्यांनाच हा पाहुणा येऊन मागच्या दाराची किल्ली देतोय म्हटल्यावर ब्रूजचा पारा का चढला ते कळतं.

आणि हे वापराच. 1988 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये बाईंनी उद्योजकांपुढे एकल बाजारपेठेचं गुणगान केलं होतं. तीस कोटींहून जास्त ग्राहक तुमच्या दारात, अशा थाटात. 17 जानेवारी 2017 ला त्याच वास्तूत, त्यांच्याच पक्षाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी जाहीर केलं की ब्रिटन त्या एकल बाजारपेठेतून बाहेर पडणार. या मेबाई 2016 च्या ब्रेक्झिटच्या सार्वमतात स्वतः 'राहू या'वाल्या! मत बदललेला नेता हवा असेल तर तो इथे आहे.

शंकासुर

भाची हुशार आहे, पण बाईंना एवढ्या स्वस्तात सोडू नका. मत बदललं, फक्त तुम्ही चुकीच्या कप्प्यात शोधताय.

मार्च 1975 मध्ये सार्वमतावर संसदेत चर्चा झाली. तिथे बाईंनी माजी पंतप्रधान ॲटलींचा दाखला दिला, की सार्वमत हे हुकूमशहांचं आणि लोकांना भडकवणाऱ्यांचं हत्यार आहे. बरं, 1993 ला युरोपीय संघ स्थापणारा मास्ट्रिख्टचा करार संसदेच्या वरच्या, लॉर्ड्स सभागृहात आला तेव्हा सार्वमत घ्या म्हणून आग्रह कोणाचा? याच बाईंचा. इथे समोरची वस्तू बदलली नव्हती, तीच होती. खुर्ची गेली होती.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नको, ठोकू नका. 2002 च्या पुस्तकात ब्रिटनचं युरोपात जाणं ही ऐतिहासिक चूक होती या अर्थाचं त्यांनी लिहिलंय, तेवढं सांगता येईल. पण त्या वारल्या एप्रिल 2013 मध्ये आणि मतदान झालं जून 2016 मध्ये. मेलेल्या माणसाची मतपत्रिका आपण भरू नये. दोन्ही बाजूंनी भरून झाली आहे.

निफाडची_बाग

राजकारणातलं मला फार कळत नाही, दुसऱ्या प्रश्नापुरती येते. आमची द्राक्षं युरोपात जातात. प्लॉटची नोंदणी, काढणीआधी प्रयोगशाळेत नमुना, कुठल्या औषधाचा अंश किती चालेल त्याची ही लांबलचक यादी. बागेत फवारणीची वही सासूबाई ठेवतात, त्यांचं अक्षर चांगलं म्हणून. ती यादी जर्मनीची वेगळी नि हॉलंडची वेगळी नसते, सगळ्या संघाची एकच. एकदा नियमात बसलं की माल कुठल्याही सदस्य देशात विका. ही झाली एकल बाजारपेठ.

ब्रिटन बाहेर पडल्यापासून अंशाच्या मर्यादा ते त्यांच्या ठरवतात. म्हणजे आम्हाला आता दोन याद्या बघाव्या लागतात. भाचीला सांगा, 'नियम आपल्या हातात घेणं' म्हणजे निफाडात एक यादी वाढणं.

उचापती_मामा

निफाडच्या ताई, काय सांगितलंत! सासूबाईंच्या वहीसकट भाषणात घेतो.

मग सीमाशुल्क संघ मी जकातीवरून सांगू का? वडिलांचा टेंपो होता. लहानपणी सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचो. जकात नाक्यावर रांग, पावती, ताडपत्री सोडून माल दाखवा, पुन्हा बांधा. पुढच्या शहरात पुन्हा तेच. आतले सगळे नाके उठवायचे आणि बाहेरून येणाऱ्या मालाला सगळ्यांनी मिळून एकच दर लावायचा, म्हणजे सीमाशुल्क संघ. चालेल?

थेम्सकाठचा

चालेल की, पळेल. फक्त एक पुस्ती जोडा: बाहेरचा दर एकच म्हटल्यावर एकट्या शहराला परगावाशी वेगळा सौदा करता येत नाही. ब्रेक्झिटवाल्यांचं खरं दुखणं तिथे होतं. परीक्षकाने खोदलंच तर नॉर्वे आणि तुर्कस्तान लक्षात ठेवायला सांगा. नॉर्वे एकल बाजारपेठेत आहे, सीमाशुल्क संघात नाही. तुर्कस्तानचं बरोबर उलटं.

शंकासुर

मामा, विषय नेतृत्वाचा आहे आणि तुम्ही सगळे नाक्यावरच अडकलात. बाईंचं नेतृत्वाबद्दलचं मत काय होतं? 1981 ला मेलबर्नच्या व्याख्यानात त्यांनी सांगितलं, की सर्वसहमती म्हणजे आपल्या श्रद्धा, तत्त्वं, धोरणं सगळं सोडून देण्याची प्रक्रिया. ऐकायला झकास. नऊ वर्षांनी त्याचं बिल आलं. त्या तीन 'नो'नंतर दोनच दिवसांत त्यांचे जुने सहकारी जेफ्री हाऊ यांनी राजीनामा दिला आणि 13 नोव्हेंबरला संसदेत क्रिकेटची उपमा दिली: सलामीच्या फलंदाजांना मैदानात पाठवायचं आणि पहिला चेंडू पडल्यावर त्यांना कळावं, की कर्णधारानेच आधी बॅटी मोडून ठेवल्यात. आठवड्याभराने नेतेपदासाठी पक्षांतर्गत मतदान झालं. बाईंना 204, त्यांचे प्रतिस्पर्धी हेसल्टाइन यांना 152. जास्त मतं मिळूनही, पहिल्याच फेरीत जिंकायला नियमाप्रमाणे हवी तेवढी आघाडी चार मतांनी हुकली आणि त्यांना पद सोडावं लागलं.

म्हणजे मत बदलल्यामुळे त्यांच्यावरचा विश्वास उडाला नाही. मत आपल्याच लोकांशी न बोलता बोलून टाकल्यामुळे उडाला. भाचीने हे वापरावं.

उचापती_मामा

शंकासुर, नाव बदला, तुमच्या शंकेनेच काम झालं.

आत्ताच फोन झाला. ती आता असं बांधते आहे: बाजारावरचं बाईंचं मत पंतप्रधान असेपर्यंत तेच राहिलं, म्हणून विरोधकांनी त्यांचं नाव घेतलं तर तिथेच अडवायचं. सार्वमतावरचं मत मात्र उघड बदललं, तरी ब्रिटनमधले त्यांचे चाहते त्यांना अविश्वासू म्हणत नाहीत. शेवटी हाऊंच्या बॅटी. मेबाई वेळ उरला तर.

एक शेवटचं विचारू? ते "नो, नो, नो" मराठीत करायचं का? "नाही, नाही, नाही" म्हटलं की लग्नाला नकार दिल्यासारखं वाटतंय, असं ती म्हणते.

निफाडची_बाग

तसंच ठेवा. आणि तिसऱ्या वेळी टेबलावर हात आपटू नको म्हणावं, माइक पडतो. आमच्या गॅदरिंगला पडला होता.