उत्तर: ओरखडे गेले की भीतीही गेली?

'जुन्या भयपटाची प्रत साफसूफ केली की भीती निघून जाते, ओरखडे आणि धूळ यांतच खरी मजा' हे वरचं मत निम्मंच पटलं. धुळीचं ठीक आहे, पण रंगाचं काय? 'नोस्फेराटू' या मूक भयपटामधले (१९२२) रात्रीचे बरेच प्रसंग भर दिवसा चित्रित केलेत. प्रदर्शनाच्या प्रतींवर ते निळ्या छटेत बुडवले जायचे, म्हणजे बघणाऱ्याला रात्र कळायची. पुढे साध्या कृष्णधवल नकला फिरत राहिल्या आणि ती छटा गेली. त्यामुळे त्यातला रक्तपिपासू पिशाच्च ऑरलॉक काखेत शवपेटी मारून गावातून निघतो तो लख्ख उन्हात, भिंतीवर सावली पाडत! सूर्यकिरणाने मरणारा प्राणी असा उन्हात हिंडला तर हसू येणारच. पुनरुज्जीवित डिस्कवर तोच प्रसंग निळा दिसतो आणि मग अंगावर येतो.

संगीताचा घोळ मात्र वेगळाच. हान्स एर्डमानच्या मूळ संगीताचा बराच भाग हरवलाय, म्हणून डिस्क बदलली की साथही बदलते. एकाच सिनेमाच्या दोन-दोन आवृत्त्या घेणाऱ्यांना वेडे म्हणू नका. आवाज बंद करूनही एकदा बघा, काही प्रसंग तसेच जास्त भिववतात.