आर-२९० च्या स्प्लिट एसीची गळती घरातच टाका मारून दुरुस्त करावी का?

परळचा मेकॅनिक:

नमस्कार. परळमध्ये माझे एसी दुरुस्तीचे छोटे दुकान आहे आणि अठरा वर्षे मी मुख्यतः आर-२२ व आर-४१०ए या गॅसवर चालणाऱ्या एसींची कामे करीत आलो आहे. गेल्या आठवड्यात लालबागच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, आर-२९० म्हणजे प्रोपेनवर चालणारा एक टनाचा एसी पाहिला. आउटडोर, म्हणजे एसीचा बाहेरचा भाग, गॅलरीच्या कठड्याबाहेर टांगलेला आहे, खाऱ्या हवेने त्यातला कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी नळ्यांची जाळी) खाल्ला आहे आणि नळीच्या एका बेंडपाशी तेलाचा ओलसर डाग दिसतो, त्यामुळे गळती तेथेच आहे याविषयी मला शंका नाही. पाटीवर गॅसचे वजन ३०० ग्रॅम लिहिले आहे. घरच्यांचा आग्रह होता की टॉर्च, म्हणजे टाका मारायची ज्योत, लावून तासाभरात टाका मारावा आणि गॅस भरून द्यावा. मात्र गॅलरीच्या दाराआत लगेच देव्हारा आहे आणि समई तेवत होती. ती पाहिल्यावर माझा हात धजावला नाही आणि मी काम तसेच सोडून आलो. हे काम जागेवर करता येते का? तसेच, जुन्या आर-२२ च्या यंत्रात हाच गॅस भरून देणारे काही जण आहेत, ते कितपत योग्य आहे?

निवृत्त आयटीआय निदेशक:

आपण परत आलात ते उत्तम केलेत. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो आणि हवेत त्याचे प्रमाण साधारण २.१ टक्के, म्हणजे घनमीटरला ३८ ग्रॅम झाले की तो पेट घेऊ शकतो. दहा बाय बारा फुटांची, नऊ फूट उंचीची खोली सुमारे ३०.५ घनमीटर भरते. ३०० ग्रॅम वायू तीत सारखा मिसळला तर घनमीटरला दहा ग्रॅमच्या आतच राहतो आणि माणूस निर्धास्त होतो. परंतु तोच वायू जमिनीलगत फूटभर थरात साचला तर प्रमाण घनमीटरला ८८ ग्रॅमच्या आसपास जाते, आणि जमिनीवर ठेवलेली समई नेमकी त्याच थरात असते. शिवाय स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये मुद्दाम घातलेला वास या गॅसला नसतो, म्हणून नाकावर विसंबू नये; हायड्रोकार्बनसाठी बनवलेला डिटेक्टर कामभर जमिनीजवळ चालू ठेवावा.

माझे मत स्पष्ट आहे: टॉर्च त्या घरात लावूच नये. प्रथम एसीचा वीजपुरवठा मुख्य स्विचवरून बंद करावा, कारण गॅस पसरल्यानंतर दाबलेले बटणही ठिणगी देते. नंतर गॅस ज्वलनशील वायूसाठी बनवलेल्या रिकव्हरी मशीनने (गॅस खेचून काढणाऱ्या यंत्राने), आधी निर्वात केलेल्या योग्य सिलिंडरमध्ये काढावा. मोकळ्या मैदानात थोडासा गॅस हळूहळू हवेत सोडता येतो, पण चाळीच्या गॅलरीत तो खालच्या मजल्यावरच्या शेगडीपाशी उतरेल. येथे पंप डाऊन करून सगळा गॅस आउटडोरमध्ये अडकवण्याची नेहमीची सवयही चालणार नाही, कारण गळती आउटडोरलाच आहे आणि त्या छिद्रातून हवा आत शिरली तर कॉम्प्रेसरमध्ये स्फोट होऊ शकतो.

आपल्या लोकांची खरी चूक यापुढे होते. दाब दाखवणारा गेज शून्यावर आला की यंत्र रिकामे झाले असे समजतात, परंतु कॉम्प्रेसरच्या तेलात विरघळलेला प्रोपेन बराच वेळ बाहेर येत राहतो आणि टॉर्चची ज्योत लागताच पेटतो. म्हणून व्हॅक्युम पंप लावावा, त्याचे तोंड उघड्यावर ठेवावे आणि तो त्याच्या स्वतःच्या बटणाऐवजी लांबच्या सॉकेटवरून चालू करावा. मग कोरड्या नायट्रोजनने यंत्र धुऊन पुन्हा व्हॅक्युम करावे. त्यानंतर आउटडोर उतरवून दुकानात न्यावा, खराब बेंड ज्योतीने न सोडवता पाईप कटरने कापावा आणि नायट्रोजन वाहता ठेवूनच ब्रेझिंग करावे, म्हणजे टाका मारावा. दाबाची चाचणीही नायट्रोजननेच घ्यावी. ऑक्सिजन तेलाला लागला की स्फोट होतो.

बोरिवलीचा सर्व्हिसवाला:

दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. आर-२२ च्या यंत्रात आर-२९० कधीही भरू नये. दोन्हींचे दाब जवळपास सारखे असल्यामुळे यंत्र छान थंड करते आणि ग्राहकही खूश होतो, परंतु त्या यंत्रातील रिले, थर्मोस्टॅट व स्विच ज्वलनशील वायू गृहीत धरून बनवलेले नसतात. आर-३२ हा एसीतला दुसरा गॅस त्या मानाने सौम्य, ए२एल म्हणजे कमी ज्वलनशील वर्गातला असला, तरी ज्योतीत सापडल्यास त्यातून हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू निघतो. तोही पूर्ण काढल्याशिवाय टॉर्च लावू नये.

आणखी एक, दादा: गॅस गेजच्या काट्यावर भरू नका. प्रोपेन आर-२२ च्या निम्म्याहून कमी वजनाचा लागतो. डिजिटल वजनकाटा लावा आणि पाटीवरचे ३०० ग्रॅम झाले की थांबा.

परळचा मेकॅनिक:

दोघांचाही मनापासून आभारी आहे. काल वरीलप्रमाणे काम केले. खालच्या दोन मजल्यांवर आधी सांगून शेगड्या बंद ठेवायला लावल्या आणि घरातल्या आजींनी स्वतःहून समई शांत केली. नायट्रोजनचा छोटा सिलिंडर आम्ही दोघांनी जिन्यावरून खांद्यावर नेला. गेज शून्यावर आल्यानंतर सर्व्हिस व्हॉल्व्हपाशी डिटेक्टर धरला, तर तो वाजतच राहिला. त्या क्षणी मला तेलाची गोष्ट पटली. आउटडोर आता दुकानात आहे. तो कापून पाहता आणखी दोन बेंड पातळ झालेले दिसले, म्हणून टाका न मारता कंडेन्सरच बदलावा असे मी घरच्यांना कळवले आहे.