'बाई' आणि 'दोघी' यांच्यामधलं अंतर

'दोघी' या कथापटापासून (१९९५) सुमित्रा भावे खऱ्या दिग्दर्शक झाल्या, आधीचे माहितीपट, लघुपट म्हणजे नुसता सराव, असं मत त्यांच्या सिनेमांवरच्या चर्चेत कुणीतरी मांडलं; ते मला अजिबात पटलं नाही. मुळात त्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. वस्तीतल्या बायकांच्या मुलाखती घेता घेताच १९८५ साली 'बाई' हा लघुपट झाला. आधी माणसाचं नीट ऐकून घ्यायचं, मग कॅमेरा, ही सवय 'देवराई', 'अस्तु', 'कासव' या नंतरच्या कथापटांपर्यंत सुटली नाही. त्यांचे सहदिग्दर्शक सुनील सुकथनकर यांची साथही सुरुवातीच्या लघुपटांपासूनच, हे या चर्चेत कुणी लिहिलंच नाही.

साताऱ्यात आमच्या बचत गटाच्या बायकांना त्यांचा 'नितळ' हा कथापट दाखवला होता. त्यातली नायिका डॉक्टर आहे, तिच्या चेहऱ्यावर कोड आहे. सिनेमा संपला तरी कुणी उठेना. मग मागे बसलेल्या एका काकूंनी विचारलं, "ही खरीच डॉक्टरीण हाय का वं?" नटी आहे म्हटल्यावर त्यांना पटेचना. नंतर त्यांनी आपल्या पुतणीचं ठरलेलं लग्न कसं मोडलं ते सगळ्यांसमोर सांगितलं, आणि तासभर बायका त्यावरच बोलत होत्या. कथापट बघून असं बोलणं निघतं, ती मला त्या माहितीपटांच्या काळातलीच कमाई वाटते.