आयटीवाल्यांची छापील नियतकालिकं गेली, त्यात आपलं काही गेलं का?

दुपारचा_चहा:
'कॉम्प्युटरवर्ल्ड' हे संगणक-व्यवसायाचं अमेरिकी नियतकालिक १९६७पासून निघायचं. जून २०१४मध्ये त्याची अमेरिकेतली छापील आवृत्ती थांबली. माझ्या मते त्यात आपलं मोठं नुकसान झालं. सप्टेंबर १९९३मध्ये तिथे संगणकतज्ज्ञ पीटर डी जेगर यांचा 'डूम्सडे २०००' हा लेख आला. वर्ष दोनच आकड्यांत साठवलंय, २००० उजाडलं की हिशेब कोलमडतील, असा इशारा होता. बहुतेकांच्या हा प्रश्न डोक्यातही नव्हता, तरी अंक उघडल्यावर समोर आला. पुढे याच वायटूकेच्या (म्हणजे 'वर्ष २०००'च्या) दुरुस्तीकामावर, कोबोल ही जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून, मुंबई-पुण्याची कितीतरी मुलं अमेरिकेला गेली. न विचारलेला प्रश्न पुढ्यात ठेवायला संपादक लागतो.

रात्रपाळी:
नाही पटलं. मी सर्व्हर सांभाळतो. एक्सझेड युटिल्स या, फायली दाबून लहान करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरवाट (बॅकडोअर) पेरली होती. एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागतोय हे आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना खटकलं, त्यांनी मुळापर्यंत खणलं आणि २९ मार्च २०२४ला जाहीर केलं. त्याच रात्री आम्ही पॅकेजं तपासत होतो. मासिकात हे कधी छापून आलं असतं?
शिवाय 'पीसी वीक' हे अमेरिकी संगणक-साप्ताहिक फुकट मिळायचं, पण फॉर्म भरून: हुद्दा काय, खरेदीचा अधिकार किती. म्हणजे वाचकच जाहिरातदाराला विकला जायचा. अशा अंकात विक्रेत्याला कोण दुखावणार?

सीडी_जपणारा:
व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं, पण फोनलाइनच्या संथ डायल-अपवर अख्खं लिनक्स (फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) उतरवणार कोण? आमच्याकडे ते 'पीसीक्वेस्ट' या भारतीय मासिकाच्या सीडीवरून आलं. ती गरज ब्रॉडबँडने संपवली. आता तेवढ्यासाठी मासिक नको.

दुपारचा_चहा:
ताजी बातमी मासिकाने द्यावी असं मी म्हणतच नाहीये. एक्सझेडचंच बघा. प्रकल्प सांभाळणारा एकटा, दमलेला. 'जिया तान' या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं त्याचा विश्वास कमावला, दुसऱ्या नावांनी त्याच्यावर दबाव आणला, आणि तो पत्रव्यवहार उघड्यावर होता. अशा एकट्या खांद्यांवर काय काय उभं आहे, हे सवडीने शोधून लिहिणाऱ्याला पगार कोण देणार?
फॉर्मचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. म्हणूनच पैसे वाचकाने द्यावेत. एलडब्ल्यूएन ही लिनक्सच्या बातम्यांची वेबसाइट २००२पासून वर्गणीवर चालते. लेख वर्गणीदारांना आधी, बाकीच्यांना काही दिवसांनी फुकट. आणि जर्मनीतल्या हॅनोव्हरचं 'त्से-टे' (c't) हे संगणक-नियतकालिक १९८३पासून आजही छापलं जातंय.

रात्रपाळी:
एलडब्ल्यूएन मीही वाचतो, पण ते कागदावर नाही. मग कागदासाठी कशाला रडायचं? आणि वर्गणीदार असूनही 'लिनक्स जर्नल' ऑगस्ट २०१९मध्ये बंद पडलंच. एकेकट्या वाचकाच्या खिशावर हे पेलत नाही. ज्या कंपन्या ही फुकट सॉफ्टवेअरं वापरून कमावतात, त्यांनी प्रत्येक टीमसाठी वर्गणी भरावी. आमच्याकडे क्लाउडचं बिल निमूट मंजूर होतं, वर्गणीसाठी तीन सह्या लागतात.