८०० कॅलरीवर साडेतीन महिने काढले, सगळं वजन परत आलं. पुन्हा तेच करू का?

रानजाई:
नमस्कार, थोडं मोठं लिहितेय, प्लीज वाचा. वय ३८, उंची ५ फूट ३, वजन ७९ होतं. ॲपवर बघून स्वतःच ८०० कॅलरीचं डाएट सुरू केलं. पहिल्या आठवड्यात ३ किलो गेले, इतका आनंद झाला की काय सांगू, मग चौदा आठवड्यांत एकूण १२. त्यानंतर काटा हलेचना, म्हणून अजून कमी खाल्लं, सारखी थंडी वाजायची, दोनदा पाळी चुकली, केस मुठीने यायला लागले आणि डोक्यात दिवसभर फक्त खाणं. एका संध्याकाळी खायला बसले ती थांबताच येईना. त्यानंतर ये रे माझ्या मागल्या, सहा महिन्यांत ८२. घरचे म्हणतात मनावर ताबा नाही, मलाही तसंच वाटायला लागलंय. माझा मेटाबॉलिझम कायमचा बिघडला का? आणि या वेळी जास्त निग्रहाने केलं तर जमेल का?

मुक्तछंद:
रानजाई, आधी ते 'मनावर ताबा नाही' डोक्यातून काढून टाका. मी स्वतः आठ वर्षं हेच चक्र फिरलोय, म्हणून सांगतो.

पहिल्या आठवड्यातल्या ३ किलोंचा हिशोब करा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, म्हणजे ३ किलो चरबी जायला २३ हजारांची तूट, दिवसाला ३३०० च्या आसपास. तुमचं शरीर दिवसाला तेवढं जाळतच नाही, मग तूट कुठून पडणार? त्यातलं बरंचसं पाणी होतं. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साखर साठलेली असते, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी असतं, कमी खाल्लं की ते दोन्ही जातं आणि नीट जेवायला लागलं की दोन्ही परत येतं. मी दर वेळी तो पहिला आकडा बघून हुरळायचो आणि परत आला की खचायचो.

आणि दिवसभर खाण्याचाच विचार येतो ना, त्यावर अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये प्रयोग केलाय. ३६ धडधाकट तरुण, जेवण जवळपास निम्म्यावर आणलं, २४ आठवडे. वजन साधारण पाव हिश्श्याने उतरलं, पण माणसं थंडीने कुडकुडायची, चिडचिडी झाली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, आणि मोकळं खायला मिळाल्यावर पोट भरलं तरी त्यांची भूक भागेना. त्यांचं जेवण तरी तुमच्या ८०० च्या जवळपास दुप्पट होतं हो!

आकडेमोड:
मुक्तछंद यांनी म्हटलंय त्यात भर घालतो. खाणं एकदम तोडलं की शरीर दोन्हीकडून ओढतं, भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं. मेलबर्नमध्ये ५० जणांना १० आठवडे जेमतेम ५०० च्या आसपास कॅलरीवर ठेवलं होतं, तो अभ्यास २०११ मध्ये छापून आला. वर्षभरानंतरही भूक लावणारं घ्रेलिन वाढलेलं होतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी. एक वर्ष! म्हणजे डाएट संपलं तरी शरीर ते विसरलेलं नसतं, अशात निग्रह किती दिवस पुरणार?

खर्चाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या वजन घटवायच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी परत तपासलं (२०१६). बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं, तरी आराम करताना शरीर जेवढं जाळायला हवं त्यापेक्षा रोज ५०० च्या आसपास कॅलरी कमी जाळत होतं. ते टोकाचं उदाहरण आहे, प्रत्येकाचं तेवढं होत नाही. शिवाय अंगात त्राण नसलं की आपण नकळत कमी हलतो, जिने टाळतो, बसून राहतो, तो खर्चही जातो.

उलटतपासणी:
थोडं वेगळं मत. 'झटपट गेलेलं झटपट येतं' हे सरसकट खरं नाही. मेलबर्नचाच २०१४ चा अभ्यास आहे, २०० जण, काहींनी १२ आठवड्यांत वजन घटवलं, काहींनी ३६ मध्ये, आणि तीन वर्षांनी दोन्ही गटांत बहुतेक वजन सारखंच परत आलं होतं. ब्रिटनमध्ये टाइप २ डायबिटीसवाल्यांना तीन ते पाच महिने साधारण ८५० कॅलरीवर ठेवलं तेव्हा वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा डायबिटीस औषधांशिवाय आटोक्यात होता. पण तिथे देखरेख होती, जेवण टप्प्याटप्प्याने परत सुरू केलं आणि पुढेही माणसं मागे उभी होती. नुसत्या वेगाला दोष देऊ नका, रानजाई यांच्याकडे ८०० नंतर काय खायचं याचा काही प्लॅनच नव्हता, घोडं तिथे पेंड खातंय.

आहारवाली:
मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून आधी काळजीचं बोलते. पाळी चुकणं म्हणजे शरीर पुरतं उपाशी असल्याची खूण असू शकते, आता नियमित नसेल तर डॉक्टरांना दाखवाच, थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या. केस उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी गळतात आणि बहुतेक वेळा परत येतात, घाबरू नका. पण फार वेगाने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात, हे कोणतंही ॲप सांगत नाही. ८०० च्या डाएटवर स्वतःच्या मनाने पुन्हा जाऊ नका, कृपा करून.

मेटाबॉलिझम मोडलेला नाही हो. लहान झालेल्या शरीराला कमी लागतं, त्यात थोडी काटकसर शरीर स्वतः करतं, आणि कमी प्रोटीन, व्यायाम शून्य असलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. परत येताना मात्र चरबीच जास्त येते. म्हणून रोजच्या गरजेपेक्षा ३०० ते ५०० च कमी खा, प्रोटीन वजनाच्या किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास (किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा), आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलायचा व्यायाम. महिन्याला दीड-दोन किलो गेले तरी उत्तम. जे जेवण दोन वर्षं चालू ठेवता येणार नाही ते आज सुरूच करू नका.

रानजाई:
वाचून रडू आलं खरं सांगते, इतके दिवस मी स्वतःलाच शिव्या देत होते. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. एकच विचारते, रोज वजन करू का? अर्धा किलो वर गेलं की दिवस वाईट जातो.

आहारवाली:
मग रोज नको. आठवड्यातून एकदा, सकाळी, आणि चार आठवड्यांची सरासरी बघा. पाळीच्या आधी पाण्यामुळे किलोभर वर जाऊ शकतं, त्या आठवड्यात काटा बाजूलाच ठेवा. रिपोर्ट आले की इथे लिहा, आपण मिळून बघू.